पांढऱ्या काट्याची डीलिया

"मी कुणाच्या दारी जात नाही, मला न्यायला यावं लागतं," असं डीलिया टॅन्सी एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती चर्चच्या फाटकापाशी, रविवारची मिस्सा सुटल्यावर, बार्टली कॉनबॉयला. बार्टली म्हणजे खालच्या वळणावरचा शेजारी. त्याची जीभ मोकळ्या सुटलेल्या वासरासारखी, कुठल्याही कुरणात शिरायची. सगळ्यांसमोर तो बोलून गेला होता, "काय गं डीलिया, अख्ख्या लिसनाकरी गावाची काळजं तू नीट करतेस, आणि सख्खा भाऊ खाली अंथरुणात धापा टाकतोय, तर तुला टेकडी उतरवत नाही? गुडघा दुखतोय की आणखी काही?"

कुणी हसलं नाही. डीलियानं शाल डोक्यावर ओढली, ते एक वाक्य बोलली आणि चढाला लागली.

नोनीनं ते ऐकलं. नोनी म्हणजे मॅलकी टॅन्सीची बायको, डीलियाची भावजय. उत्तर बार्टलीला होतं, पण बोट कुणाकडे होतं हे फाटकापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. नोनीला तेवढं कळलं नाही. तिला त्यात नुसता ताठा दिसला. घरी जाताना तिच्या मनात आलं, सख्ख्या भावाच्या घरी यायला हिला आमंत्रण हवं, बॅंड लावून.

नोनी स्लायगो शहरातली, कापडदुकानदाराची मुलगी. चाळिशी उलटल्यावर तिचं लग्न झालं, तेही पन्नाशी ओलांडलेल्या मॅलकीशी. या भागात पुरुष लग्नाला असाच वेळ लावतात. आधी आईला जाऊ देतात, मग जमिनीचं बघतात, मग आरसा. आणि घरात बायको आली की बिनलग्नाच्या बहिणीनं बाहेर पडायचं, हेही इथं कुणी कुणाला सांगत नाही. आई गेल्यापासून ते घर डीलियाच चालवत होती. लग्नाच्या दिवशी सकाळी तिनं कोंबड्यांना दाणे टाकले, चुलीतली राख काढली, चिमटा भिंतीला टेकवून ठेवला आणि टेकडीवरच्या आजोबांच्या दोन खोल्यांत राहायला गेली. सोबत नेला तो बापाचा लाकडी पेला. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, कारण भांडण कधीतरी मिटतं. इथं मिटवायला काही नव्हतंच. नोनी तिला 'तुम्ही' म्हणायची, नाताळला केक पाठवायची, आणि केकचं ताट धुऊन, त्यात अंडी घालून परत यायचं.

त्या पेल्याबद्दल नोनीला कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, डेअरीच्या रांगेत.

टॅन्सींच्या घरात काळजाचा इलाज होता. तो पुरुषाकडून बाईकडे जातो आणि बाईकडून पुरुषाकडे. आईनं मुलीला दिला तर मरतो. डीलियाच्या बापाला तो त्याच्या आईकडून आला होता. एका शरदात बटाटे काढताना तो वाफ्यात मध्येच थांबला, मुलीला जवळ बोलावलं, तिच्या कानात काय असेल ते सांगितलं आणि म्हणाला, "हं, आता टोपली उचल." डीलिया तेव्हा शाळा सोडून नुकतीच घरी बसलेली. त्या दिवसापासून म्हाताऱ्याचे हात रिकामे झाले. लोक त्याच्याकडे आले की तो पोरीकडे बोट करायचा. पुष्कळ वर्षांचं ओझं खांद्यावरून उतरल्यासारखा तो नंतर गात हिंडायचा म्हणे.

पोरीचं गाणं मात्र संपलं. ती नाचायला जायची, तोवर तरी. पॅकी मॉरन नावाचा एक देखणा मुलगा होता, पायानं वारा कापणारा. त्याच्याशी नाचताना डीलिया मध्येच थांबली आणि म्हणाली, "तू बस जरा." तो हसला. तिनं पुन्हा सांगितलं, "बस रे पॅकी. घरी जा आणि आईला माझ्याकडे पाठव." पॅकीनं दुसरी मुलगी धरली. गवत कापायच्या दिवसांत तो विळ्यावर आडवा पडलेला सापडला. अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. मग डीलिया नाचघरात आली की पोरांचे हात आपोआप छातीवर जायचे. पुढे ती जायची थांबली. तिच्यावर कुणी राग धरला नाही. फक्त तिच्या शेजारच्या बाकावर, चर्चमध्येसुद्धा, एका माणसाची जागा रिकामी राहायला लागली.

औषध होतं हॉथॉर्नचं. इथं त्याला पांढरा काटा म्हणतात. बांधाबांधानं वाढतो, मे महिना लागला की सगळ्या कुंपणांवर रात्रीतून दूध उतू गेल्यासारखा फुलतो. डीलिया दव सुकायच्या आत फूल आणि कोवळं पान एकत्र खुडायची, तेही कुंपणावरचंच. शेताच्या मधोमध एकटं उभं असलेलं झुडूप 'त्यांचं'. ते कोण, असं इथं विचारत नाहीत. नांगर त्याला वळसा घालून जातो एवढंच. शरदात ती लाल फळं खुडायची आणि घरच्या दारूत मुरवायची. म्हाताऱ्यांना फळ, ज्यांचं अजून काही होऊ शकतं त्यांना फूल. वाळवणं गाडी ठेवायच्या पडवीत, उकळणं अंगणात, तीन धोंड्यांच्या चुलीवर.

आणि औषध घेऊन जाताना ती बोलायची नाही. शालीखाली पेला धरून डीलिया रस्त्यानं निघाली की समोरून येणारा माणूस कुंपणाकडे तोंड करून उभा राहायचा. तिला ओळख द्यायची नाही, हटकायचं नाही. बार्टलीसुद्धा गप्प व्हायचा, म्हणजे बघा. नोनीनं लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात हे पाहिलं. रस्ताभर माणसं पाठमोरी उभी आणि मधून ती एकटी चालत येतेय. दारातला कुत्रा भुंकायला उठला, तिला पाहिलं आणि पुढच्या पायांत डोकं घालून पडून राहिला. त्या वेळी नोनीला हसू आलं होतं. मान फिरवून ती हसली आणि मॅलकीनं तिच्याकडे असं पाहिलं की हसू तिच्या ओठांवरच वाळलं.

तर, त्या वर्षी मॅलकीचं काळीज थकलं. हिवाळ्यात जिना चढताना धाप लागायची, वसंतात पलंगावरून उठताना. डॉक्टर येऊन गेले, चांगला माणूस. त्यांनी थेंब दिले, त्यानं पायांची सूज उतरली, पण ओठांवरचा निळा रंग तसाच राहिला. "झिजलंय," डॉक्टर म्हणाले. "जपा. जेवढं चालेल तेवढं चालेल." बायकोनं सरळ विचारलं, किती चालेल. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मॅलकीही खिडकीबाहेरच पाहत असायचा. त्याच्या उशीवरून टेकडी दिसायची आणि टेकडीवरचं बहिणीचं घर. नोनीनं एकदा विचारलं, "काय बघता हो सारखं?"

"धूर," तो म्हणाला.

तिनंही पाहिलं. धूर दोन होते. एक धुराड्याचा, आणि त्याच्याशेजारी दुसरा, बारीक, अंगणातून उठणारा.

दुसऱ्या दिवशी बार्टली टर्फ, म्हणजे दलदलीतली जळणाची माती, घेऊन आला. वाळक्या विटा चुलीशेजारी रचता रचता तो नेहमीसारखा बडबडत होता. नोनी सहज म्हणाली, "वर अंगणात काय शिजवतात तुमच्या डीलियाबाई?"

बार्टलीच्या हातातली वीट हातातच राहिली. "तुला ठाऊक नाही?"

"नाही."

"पांढरा काटा उकळतेय. फूल आल्यापासून रोज. सकाळी उकळते, संध्याकाळपर्यंत पेला घेऊन दारात बसते, दिवस मावळला की बांधावर ओतून देते."

"कुणासाठी?"

"तेच तर!" बार्टली म्हणाला. "गावात काळजानं कोण पडलंय दुसरं? माझी तब्येत तर बैलासारखी आहे, अक्कलही तशीच म्हणतात लोक." मग त्यानं आवाज खाली आणला. "बाई, रोग्यानं स्वतः बोलवायचं नसतं. घरच्यानं चालत जायचं असतं. त्याच्या घरचं म्हणजे तू. आम्ही समजलो, शहरातली आहे, डॉक्टर आहे तिचा, तिला नको असेल. कोण कुणाच्या चुलीत फुंकणार?"

 नोनी आतल्या दारापाशी गेली. मॅलकी खिडकीकडे तोंड करून पडला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं, आणि त्याला बोलायला बंदी होती. हा माणूस किती दिवस असा पडून तिच्या तोंडाकडे न बघता धूर बघत होता, ते तिला तेव्हा कळलं. तिनं एप्रन सोडला, पायात बूट घातले आणि टेकडी चढायला लागली.

डीलिया अंगणात होती, पेला मांडीवर घेऊन. उठली नाही.

"आलीस," ती म्हणाली.

"मॅलकीसाठी आलेय. तुम्ही कृपा करून..."

"थांब." डीलियानं तळवा वर केला. "तो शब्द नको. विनवायचं नाही, नंतर आभार मानायचे नाहीत. शेजारणीकडे मीठ मागतात ना, तसं माग."

 नोनीच्या बापाच्या दुकानात 'कृपया' आणि 'आभारी आहे' यांच्याशिवाय गजभर कापडही फाडलं जात नसे. "मॅलकीचं काळीज नीट करायचंय," ती म्हणाली. "चला."

"हं. आता माणसासारखी बोललीस."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत? रोज उकळत होता, रोज ओतून देत होता. एक निरोप धाडायचा होता."

"निरोप धाडला की बोलावणं माझं झालं. मग पेल्यात नुसतं पाणी."

"आणि तेवढ्यात तो गेला असता तर?"

डीलियानं चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं. "तर पुरून आल्यावर उकळायचं थांबवलं असतं," ती म्हणाली.

पडवीत गोणपाटांवर फुलं पसरली होती. वारा तिकडून आला आणि नोनीनं नाकाला हात लावला. लांबून गोड वाटणारा तो वास जवळ आल्यावर वेगळाच होता; गोडव्याच्या खाली काहीतरी बसलं होतं.

"इथं काही मेलंय का? उंदीर वगैरे?"

"फूल आहे ते," डीलिया म्हणाली. "शहरात फुलांना वास नसतो वाटतं?" आणि मग, पहिल्यांदाच, जरा मऊ आवाजात, "त्यातच गुण असतो, पोरी. सोमवारी येईन. मग गुरुवारी, मग पुन्हा सोमवारी. रस्त्यात मला सामोरी येऊ नकोस."

पहिल्या सोमवारी ती आली ती सरळ आत. दाराशी थांबली नाही, चुलीकडे पाहिलं नाही; तीन वर्षांनी त्या घरात पाऊल टाकत होती, तरी एकाही वस्तूवर तिची नजर अडखळली नाही. मॅलकीच्या डोक्याखाली हात घालून तिनं त्याला काढा पाजला. मग पेला पुसून त्यात ओटचं पीठ भरलं, काठाबरोबर, सुरीनं सपाट करून. वर फडकं ताणून बांधलं. तो उपडा पेला तिनं भावाच्या छातीवर ठेवला, मग कुशीवर, मग पाठीवर. ओठ हलत होते, आवाज नव्हता. फडकं घट्ट होतं. गाठ नोनीनं स्वतःच्या बोटानं चाचपून पाहिली होती, दुकानदाराची मुलगी ती.

फडकं सोडलं तेव्हा पीठ एका बाजूनं खचलं होतं. ओल्या वाळूत कुणी टाच रोवून गेल्यासारखा खड्डा. फडक्यावर पिठाचा कण नव्हता, चादरीवर नव्हता, जमिनीवर नव्हता. तेवढं पीठ गेलं कुठं, म्हणून नोनीनं पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं.

उरलेल्या पिठाची डीलियानं छोटी भाकरी थापली, तव्यावर भाजली आणि भावाला भरवली. चार कण जमिनीवर पडले. कोंबडी उघड्या दारातून आत आली, मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहत राहिली आणि चोच न लावता निघून गेली. डीलियानं ते कण झाडून चुलीत टाकले. आणि मग तिला बोलायची मुभा झाली.

"दाढी केव्हा केली होतीस? मढं बरं दिसतं तुझ्यापेक्षा."

"तुझ्या कोंबड्या अंडी देतात का गं अजून," मॅलकी म्हणाला, "की तुझं तोंड बघून रुसल्यात?"

"देतात. दोन-दोन पिवळ्या बलकांची. तुझ्या बायकोच्या केकमध्ये घालायला धाडते, तरी केक आपला विटेसारखाच."

नोनी हसली. मग तिला जाणवलं की मॅलकीही हसतोय आणि हसून त्याला धाप लागलेली नाही.

गुरुवारी खड्डा अंगठ्याएवढा होता. त्या आठवड्यात मॅलकी उशी पाठीशी न घेता झोपला. ओठांचा निळा रंग ओसरला. तो भाजलेला बटाटा सालीसकट खायला लागला, आणि रविवारी तर त्यानं बार्टलीशी गाईच्या किमतीवरून भांडण काढलं. नोनी त्या भांडणाचा आवाज ऐकत परसात उभी राहिली आणि एप्रनमध्ये तोंड घालून रडली.

जो कधीच मानत नव्हता तो एकदा मानायला लागला की काठावर थांबत नाही. नोनीचं तसं झालं. नणंदेच्या पेल्यावर तिची श्रद्धा बसली, आणि मरियामातेवर होतीच. या दोघी एकमेकींना भेटल्या तर किती बरं होईल, असं तिला वाटायला लागलं. मे हा मरियामातेचा महिना. घरोघरी मूर्तीपुढे फुलांची वेदी मांडतात. त्या वर्षी आजारपणात तिची वेदी राहून गेली होती.

शेवटच्या सोमवारी सकाळी ऊन पडलं होतं. मॅलकी स्वतःच्या पायांनी बाहेर गेला आणि दाराशेजारच्या बाकावर बसला. बार्टली येऊन त्याच्याशेजारी टेकला. नोनीनं खोलीच्या खिडक्या उघडल्या, चादर बदलली, मॅलकीच्या उशाशी कपाटावर पांढरा रुमाल अंथरला आणि मूर्ती धुऊन त्यावर ठेवली. वेदीला लागणारी निळी फुलं जवळच्या रानात संपली होती, आणि मॅलकीला सोडून लांबच्या रानात जाण्याइतका तिला धीरही नव्हता. ती परसाच्या दारानं कुंपणापाशी गेली. पांढरा काटा बहराच्या भारानं वाकला होता. त्यातच गुण असतो, पोरी. हातांना ओरखडे येईपर्यंत तिनं फांद्या तोडल्या, एप्रनभर आत आणल्या, दुधाच्या कॅनमध्ये आणि दोन बरण्यांत खोचल्या. मूर्तीच्या पायांपासून खांद्यांपर्यंत पांढरं झालं. औषध आणि देव एका जागी. ती मागं सरून बघत राहिली. आयुष्यात इतकी सुंदर वेदी तिनं मांडली नव्हती.

तेवढ्यात खिडकीतलं मांजर उठलं आणि बाहेर उडी मारून गेलं. फुलांवर माश्या आल्या होत्या. मधमाशी एकही नव्हती. काळ्या, जड माश्या, मांसावर बसतात तशा.

"चल, आत नेतो तुला," बाहेर बार्टली म्हणत होता. "तुझी बहीण आली आणि तू असा उंडारताना दिसलास तर दोघांनाही लाथा घालेल."

तो मॅलकीचा दंड धरून खोलीच्या दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला. एक पाय उचललेला तसाच राहिला. मग तो पाय त्यानं मागं घेतला.

"हे कुणी आणलं आत?"

"मी," नोनी म्हणाली. ती अजून हसत होती. "का? छान नाही दिसत?"

बार्टलीनं टोपी काढली. घरात मढं असलं म्हणजे काढतात तशी. "बाई गं," तो म्हणाला, "बाई गं, काय करून बसलीस हे."

मॅलकी भिंत धरून पलंगापर्यंत गेला आणि बसला. मूर्तीकडे, फुलांकडे, मग बायकोच्या ओरखडलेल्या हातांकडे त्यानं पाहिलं. "आता शवपेटी तेवढी आणायची राहिली," तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला.

"मला कुणी सांगेल का काय झालं ते?" नोनी ओरडली.

सांगितलं बार्टलीनं, उंबऱ्याबाहेर उभं राहून. पांढऱ्या काट्याचं फूल घरात आणत नाहीत. एक पाकळीसुद्धा नाही. ते घरात आलं की त्याच्यामागून मरण येतं आणि घरातलं एक माणूस घेतल्याशिवाय जात नाही. तुला कुणी सांगितलं नाही? कोण सांगणार! विस्तवात हात घालू नये हे मोठ्या माणसाला कोण सांगतं?

"मग टाकते बाहेर!" नोनी कपाटाकडे धावली. "आत्ता टाकते."

"हात लावू नकोस!" बार्टलीचा आवाज फाटला. "टाकून जात नाही ते. जाळूनही नाही. कुणीतरी उराशी धरून बाहेर न्यायचं, आणि ज्यानं नेलं त्याच्यामागं ते जातं. माझ्या आतेनं नेलं होतं एकदा. पोरानं आणलेलं. वर्षाच्या आत तिच्यासाठी मिस्सा ठेवायची वेळ पोरावर आली."

नोनीचे हात हवेत राहिले. हे खोटं आहे, असं म्हणायला ती तयार होती. पंधरवड्यापूर्वी ती मोठ्यानं म्हणालीही असती. पण पिठातला खड्डा तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. एक खरं मानायचं आणि दुसरं खोटं, हे आता तिच्या हातात राहिलं नव्हतं. आणि तो वास होता. गोडव्याखाली बसलेलं जे होतं ते त्या खोलीत उठून उभं राहिलं होतं. आपली आई गेल्यावर तिला खालच्या बैठकीत दोन दिवस ठेवलं होतं तेव्हा पडद्यांना हाच वास लागला होता, हे तिला आठवलं.

"मी आणलं, मी नेते," ती म्हणाली.

मॅलकीनं तिचं मनगट पकडलं. पकड घट्ट होती, बऱ्या झालेल्या माणसाची. "नाही न्यायचं. राहू दे माझ्या उशाशी. मी अर्धा गेलोच होतो."

"सोडा मला."

"नोनी, सोडणार नाही."

बाहेर कुत्रा एकदा गुरगुरला आणि गप्प झाला. रस्त्यावरून डीलिया येत होती, शालीखाली पेला धरून. बार्टली भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ती खोलीच्या दारात आली. तिच्या नाकपुड्या हलल्या. वेदीवर तिची नजर गेली आणि तिथं राहिली, खूप वेळ नाही. मग ती पलंगापाशी आली आणि नेहमीसारखा भावाच्या मानेखाली हात घातला.

"डीलिया," मॅलकी म्हणाला, "तू यात पडू नकोस हं. मी सांगून ठेवतो."

तिनं पेला त्याच्या ओठांना लावला, त्यामुळे पुढचं बोलणं त्याला गिळावं लागलं. तो प्याला. तिनं पेला पुसला, पीठ भरलं, सपाट केलं, फडकं बांधलं. छाती, कूस, पाठ. तिचे ओठ हलत होते. एक माशी तिच्या मनगटावर बसली, तिनं ती हाकलली नाही.

फडकं सुटलं. पीठ काठाबरोबर होतं. एक कणही ढळला नव्हता.

"भरलाय!" भिंतीकडे तोंड करून उभ्या बार्टलीनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं होतं. "अगं, भरलाय पेला! बरा झाला हा!" आणि लगेच त्याचा आवाज बसला, कारण वेदी तिथंच होती.

मॅलकीला काळीज परत मिळालं होतं. आणि घरात आलेलं मरण काळीज बरं की वाईट हे बघत नव्हतं.

आता डीलियाला बोलायची मुभा होती. दाढीवरून बोलण्याची, केकवरून बोलण्याची. नोनी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिनं शिव्या द्याव्यात, शहरात तुला एवढंही शिकवलं नाही का म्हणावं, काहीही म्हणावं. डीलियानं पेला कपाटावर ठेवला, मूर्तीशेजारी. खांद्यावरची शाल काढून पलंगावर पसरली. आणि कॅनमधली पहिली फांदी उचलली.

"डीलिया!" मॅलकी उठला. उठताना त्याला धाप लागली नाही. "ठेव ते. ठेव म्हणतो ना! मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

ती त्याच्याकडे वळली नाही. एकेक फांदी काढून शालीवर ठेवत होती, पाकळी सांडणार नाही अशी, हळू, झोपलेलं मूल उचलावं तशी. नोनीचं मनगट आता मोकळं होतं. पुढं व्हायला, ती शाल ओढून घ्यायला, मी आणलं मी नेते म्हणायला तिला आता कुणी अडवत नव्हतं. तिनं पाय उचलायला पाहिलं. पाय उचलला नाही. जेव्हा अडवलं होतं तेव्हा किती सोपं होतं ते बोलणं. तिच्या आत खोलवर काहीतरी श्वास सोडत होतं, सुटल्याचा श्वास, आणि तो श्वास तिचाच होता.

बरण्या रिकाम्या झाल्या. डीलियानं शालीची चारही टोकं एकत्र केली. मग ती थांबून जमिनीकडे पाहू लागली. मूर्तीच्या खाली, कपाटाच्या पायाशी, एक पाकळी पडली होती. तिच्या पाठीला एवढं वाकवत नव्हतं.

नोनी गुडघ्यांवर बसली. नखानं ती पाकळी उचलली. इतकी हलकी होती की बोटांना काही लागतच नव्हतं. तिनं वर पाहिलं. डीलियानं हात पुढे केला होता, तळवा उघडा, वाट बघत. त्या तळव्याला घाई नव्हती. हवं तर दे, नको तर ठेव, असा तो होता. आणि दोघींनाही ठाऊक होतं की ही एक पाकळी मागं राहिली तर सगळंच मागं राहिलं.

"नोनी," मॅलकी म्हणाला. एवढंच.

तिनं पाकळी त्या तळव्यावर ठेवली.

डीलियानं मूठ मिटली. शालीचं गाठोडं दोन्ही हातांनी उराशी धरलं, बार्टलीनं वाट सोडली त्या दारातून, चुलीसमोरून, जो उंबरा घासण्यात तिच्या अर्ध्या आयुष्याच्या सकाळी गेल्या होत्या त्या उंबऱ्यावरून, एक शब्द न बोलता ती बाहेर निघून गेली.